स्कॅनरवर दिसते ते जॉबकार्डवर का उतरत नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिझेल गाडीच्या मीटरवर पिवळा दिवा लागतो, चढाला गाडी पिकअप घेईनाशी होते आणि मालक ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लावतो. संध्याकाळी उत्तर मिळते, ‘तुम्ही सिटीत जास्त चालवता, त्यामुळे होतं. फोर्स रिजन करून दिलंय.’ दिवा विझलेला असतो, बिलात स्कॅनिंगचे पैसे लागलेले असतात. तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागतो, तेच उत्तर पुन्हा मिळते. चौथ्या-पाचव्या फेरीला मात्र भाषा बदलते. ‘डीपीएफ चोक झालाय, बदलावा लागेल, वॉरंटीत बसणार नाही.’ डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि त्याचे अंदाजपत्रक लाखाच्या घरात जाते.

या सगळ्या फेऱ्यांत नेमके काय बिघडले आहे ते गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनचे काम सांभाळणाऱ्या संगणकात, आकड्यांत नोंदलेले असते. टेक्निशियनने ते गाडीला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावर पाहिलेलेही असते. मालकाच्या हाती पडणाऱ्या जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेले काम नोंदवण्याच्या कागदावर, मात्र त्यातला एकही आकडा नसतो. तक्रार एवढ्याच गोष्टीची आहे. ती किती गंभीर आहे हे कळण्यासाठी थोडे तांत्रिक सांगावे लागेल.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर आला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची जाळी असते. एक नळी पुढून बंद, तर शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी भिंतीवर बसते. गाडी महामार्गावर लांब पळाली की धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे ही काजळी अडीचशे ते चारशे अंश सेल्सियसला आपोआप जळत राहते. तेवढी संधी मिळाली नाही तर ईसीयू स्वतः काम हाती घेते. इंजेक्टर मुख्य फवाऱ्यानंतर थोडे डिझेल उशिरा सोडतो, ते फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळते, तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. हेच रिजनरेशन, वर्कशॉपच्या बोलीत ‘रिजन’; वर्कशॉपमध्ये ते मुद्दाम करवून घेतले की ‘फोर्स रिजन’. त्याला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते.

कोथरूडहून डेक्कनला जाऊन परत येणाऱ्या गाडीला ही वीस मिनिटे मिळतच नाहीत. इंजिन पुरते तापायच्या आत पार्किंग येते. रिजन सुरू झालेले असते, मालकाला त्याचा पत्ता नसतो, तो किल्ली फिरवून घरी जातो. असे वारंवार झाले की उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल कमी होत नाही म्हणून मालक निश्चिंत असतो, आणि खरा धोका तिथेच असतो. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते, बेअरिंग आणि टर्बो त्यावर झिजतात. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते आणि इग्निशन बंद केले तरी थांबत नाही. डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे भिजलेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी ऑइल बदलेपर्यंत चालवू नये. ही तपासणी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी करायची. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

हे सगळे विक्रीच्या वेळीच सांगायला हवे. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीला हार घालतात, पेढे वाटतात, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. डीपीएफ हा शब्द कुणी उच्चारत नाही. रोज आठ-दहा किलोमीटर शहरातच फिरणाऱ्या कुटुंबाला ‘डिझेलचं अॅव्हरेज चांगलं आहे’ म्हणून डिझेल गाडी विकणे आणि दोन वर्षांनी त्याच कुटुंबाला ‘तुमचं ड्रायव्हिंग चुकतं’ म्हणून बिल लावणे, हे सरळ अन्यायाचे आहे. ज्यांचा महिन्यातून चार-पाच वेळाही मोकळ्या रस्त्यावर प्रवास होत नाही, त्यांना पेट्रोल गाडी घ्या असे सांगण्याचे धैर्य शोरूमने दाखवले पाहिजे.

गाडी आधीच दारात असेल तर मालकाने रिजन ओळखायला शिकावे. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशेने वर, रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात, क्षणिक अॅव्हरेज एकदम खाली, जळका वास, सिग्नलला ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी बंद करू नये, एखादी फेरी वाढवावी. डीपीएफचा दिवा लागलाच तर इंजिन आधी पूर्ण गरम होऊ द्यावे, मग एक गियर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर आणि वेग साठच्या आसपास धरून पंधरा-वीस मिनिटे न थांबता चालवावे. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घ्यावी, नाहीतर गिअरबॉक्स आपोआप वरचा गियर टाकून आरपीएम खाली आणतो. मुंबईत ईस्टर्न फ्री वे सुमारे सतरा किलोमीटरचा आहे, पहाटे मोकळा मिळाला तर एका फेरीत काम होते. कोल्हापूरकरांना कागलपर्यंत, नाशिककरांना घोटीपर्यंत जाऊन येणे पुरते. टाकीत इंधन पुरेसे असू द्यावे, कारण रिझर्व्हचा दिवा लागला असताना बहुतेक गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. आणि रिजन चालू असताना किंवा नुकते संपल्यावर गाडी वाळक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. गाडीखालचा पाइप इतका तापलेला असतो की पेट घ्यायला वेळ लागत नाही.

एवढे करूनही दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल, तर दोष ड्रायव्हिंगचा नसून गाडीचा असण्याची शक्यता मोठी आहे. ‘सिटी ड्रायव्हिंग’ या दोन शब्दांच्या आडोशाला किती साधे बिघाड दडतात ते पाहण्यासारखे आहे.

सगळ्यांत स्वस्त बिघाड थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेचा. तो उघडाच अडकला तर कूलंट पुरेसा तापत नाही आणि इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू रिजनला परवानगीच देत नाही. मीटरवरचा काटा किंवा पट्ट्या यावर विसंबू नये, त्या बऱ्याच गाड्यांत मुद्दाम एका जागी स्थिर ठेवलेल्या असतात. स्कॅनरवर कूलंटचे तापमान पाहावे. अर्धा तास महामार्गावर चालूनही ते ऐंशीच्या खालीच घुटमळत असेल तर फिल्टरला हात लावण्याआधी थर्मोस्टॅट बदलायला हवा.

दुसरा बिघाड डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचा. फिल्टरच्या आधी आणि नंतर किती दाब आहे यातला फरक हा सेन्सर मोजतो आणि त्यावरूनही ईसीयू फिल्टर किती भरला ते ठरवते. सेन्सरकडे दोन बारीक पाइप जातात. उष्णतेने ते तडकतात, वितळतात, कधी त्यांत पाणी साचते, तर कधी काम करताना कुणीतरी आडवेतिडवे जोडून ठेवतो. मग फिल्टर मोकळा असूनही ‘भरला’ असे दिसते, किंवा भरलेला असूनही ‘मोकळा’. तपासणी एका मिनिटाची आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत दाबातला फरक शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. इंजिन बंद असताना धूर वाहतच नाही, मग फरक कुठून येणार? तिथेच पंधरा-वीस मिलिबार दिसत असतील तर सेन्सर खोटे बोलतो आहे. सेन्सरची किंमत काही हजार, फिल्टरची लाखाच्या आसपास, आणि हा एक आकडा पाहिल्याशिवाय फिल्टर बदलायला सांगितला जातो.

तिसरे, काजळीच जास्त तयार होणे. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोपासून इंटरकूलरकडे (हवा गार करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी पाइपची सुटलेली क्लॅम्प, गच्च भरलेला एअर फिल्टर, यांतल्या कशानेही हवा-इंधनाचे प्रमाण बिघडते आणि डीपीएफ दुप्पट वेगाने भरतो. इंटरकूलरच्या पाइपभोवती ऑइलचा ओला डाग दिसला तर तिथून हवा निसटते आहे असे समजावे. हे कारण न शोधता नवा फिल्टर बसवला तर काही महिन्यांत तोही भरतो. फोर्स रिजनने साठलेली काजळी जाते, काजळी का साठली ते जात नाही. शिवाय फोर्स रिजनमध्ये उभ्या गाडीत आरपीएम चढवून अर्धा-पाऊण तास फिल्टर तापवतात. त्यात ऑइलमध्ये आणखी डिझेल उतरते. दोन-तीनदा फोर्स रिजन केल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायलाच हवेत. किती सर्व्हिस सेंटर ते करतात?

राख वेगळी. ती जळत नाही, ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून येते आणि फिल्टरमध्ये कायमची बसते. पण योग्य ऑइल असेल तर राखेने फिल्टर भरायला साधारणपणे लाखाच्या पुढे किलोमीटर लागतात. चाळीस हजारांवर ‘अॅशने भरला’ असे कुणी सांगितले तर दोन प्रश्न विचारावेत. स्कॅनरवर अॅश लोड किती दिसतो, आणि मागच्या सर्व्हिसमध्ये ऑइल कोणत्या ग्रेडचे टाकले? डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे ऑइल लागते, डब्यावर एसीईए या युरोपीय मानकाचा सी-२ किंवा सी-३ हा ग्रेड लिहिलेला असतो, सी-३ मध्ये सल्फेटेड अॅशची मर्यादा ०.८ टक्के आहे. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये ती एक-दीड टक्क्यापर्यंत असते. फक्त ५डब्ल्यू-३० हा दाटपणाचा आकडा जुळला म्हणून भागत नाही. बिलावर ‘इंजिन ऑइल, ५ लिटर’ एवढेच असेल तर ग्रेड लिहून मागावा, आणि डबा समोर फोडायला सांगावा.

एकाच वेळी बिघाडाचे दहा-बारा कोड आले, त्यांत यू-ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या संगणकांचा आपसातला संपर्क तुटल्याचे, बरेच असले, तर गोष्ट निराळीच असते. आधी बारा व्होल्टची बॅटरी आणि अर्थची वायर पाहावी. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर बाकीच्या कोडवर विश्वास ठेवू नये.

आता जॉबकार्डाकडे येऊ, कारण घोडे तिथेच पेंड खाते. मालक काउंटरवर सांगतो, ‘गाडी साठच्या वर जात नाही, डीपीएफचा दिवा बारा तारखेपासून आहे, ऑइलची पातळी वर दिसते.’ सर्व्हिस अॅडव्हायझर टॅबवर लिहितो, ‘जनरल चेकअप, पिकअप कमी.’ आणि परत देताना, ‘चेक केले, नॉर्मल आढळले.’ अशा पाच जॉबकार्डांचा गठ्ठा कुणाही पुढे ठेवला तरी त्यातून एकच अर्थ निघतो, की पाच वेळा गाडी आली आणि पाचही वेळा ती ठीक होती. वॉरंटी संपेपर्यंत हेच चालते.

यात अॅडव्हायझरची वैयक्तिक लबाडी असते असे मी म्हणणार नाही. तो बहुधा टेक्निशियन नसतोच. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, क्लेम नाकारला गेला तर ते अंगावर येतात. ग्राहकाने खिशातून भरलेल्या कामात तो धोका नसतो. त्यावर इंजिन डीकार्ब, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग अशा गोष्टी खपवण्याचे टार्गेट असते. निदानाला वेळ देणारा टेक्निशियन या हिशेबात कुठेच बसत नाही. हे दुखणे कंपनी आणि डीलर यांच्यातल्या व्यवहाराचे आहे, त्याचा भुर्दंड मालकाने का सोसावा?

तक्रार मालकाच्या शब्दांत लिहिली जायला हवी. दिवा कोणता, कधीपासून, किती वेगाला, इंजिन गार की गरम, चढ की सपाट. ती लिहिल्याशिवाय सही करू नये. तारीख आणि किलोमीटरची नोंद गाडी देताना आणि घेताना, दोन्ही वेळा व्हावी. आणि परत घेताना जॉबकार्डावर एवढे तरी असावे: कोणते फॉल्ट कोड मिळाले, सूट लोड (साठलेली काजळी) किती ग्रॅम किंवा टक्के, अॅश लोड किती, शेवटचे पूर्ण रिजन किती किलोमीटरपूर्वी झाले, इंजिन बंद असताना दाबातला फरक किती, कूलंटचे तापमान किती. सहा आकडे. पी-२४६३ म्हणजे काजळी मर्यादेबाहेर, पी-२४२एफ म्हणजे राख, पी-२००२ म्हणजे फिल्टरची कार्यक्षमता घटली, पी-२४५२ पासून पी-२४५५ पर्यंतचे कोड दाबाच्या सेन्सरचे. कोड सेन्सरच्या सर्किटचा आणि बिल फिल्टरचे, अशी विसंगती कागदावर आली की मालकालाही दिसेल, दुसऱ्या मेकॅनिकलाही दिसेल. फिल्टर किंवा सेन्सर बदलला असेल तर ईसीयूला ते स्कॅनरने कळवावे लागते, नाहीतर जुनाच हिशेब पुढे चालू राहतो आणि नव्या फिल्टरवरही दिवा लागतो. ते केल्याची नोंद आणि बदललेला जुना पार्ट, दोन्ही मागून घ्यावे.

कोड पुसण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. फॉल्ट कोड नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, आरपीएम, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा भार हे सगळे ईसीयू सोबत जपून ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. निदानासाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही. प्रिंट न काढता कोड पुसला की तो पुरावा गेला. दिवा विझलेला पाहून मालक खूश होतो आणि गाडी तशीच आजारी घरी येते. यावर एक साधा उपाय आहे. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडण्यासाठी सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर त्यात लावला की मोबाइलवर ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ हा आकडा बहुतेक गाड्यांत पाहता येतो, तो ओबीडीच्या मानक आकड्यांपैकीच आहे. गाडी ताब्यात घेतल्यावर तिथे दोन-चार किलोमीटर दिसत असतील, आणि जॉबकार्डवर ‘कोणताही कोड आढळला नाही’ असे लिहिलेले असेल, तर काय पुसले हे विचारण्याचा मालकाला पुरता आधार आहे. त्या आकड्याचा फोटो तारखेसह ठेवावा. सूट लोडसारखे आकडे मात्र कंपनीनिहाय वेगळे असतात, ते सगळ्याच अॅपवर दिसत नाहीत. म्हणूनच ते सर्व्हिस सेंटरने देणे आवश्यक ठरते. गाडी देण्याआधी हाच स्कॅनर लावून कोड वाचून ठेवावेत. मालकाने स्वतः ते पुसू नयेत.

या त्रासाला कंटाळून अनेक जण बाहेरच्या गॅरेजमध्ये डीपीएफ कापून आतली जाळी काढून टाकतात आणि ईसीयूचा प्रोग्राम बदलून घेतात. हा मार्ग आगीतून फुफाट्यात नेणारा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वॉरंटीचा हक्क जातो, विमा कंपनीला आयतेच निमित्त मिळते. आणि ती काजळी सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या मुलाच्या छातीत जाते. तसे करू नका, ही कळकळीची विनंती.

कायद्याचा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(११) ग्राहकाला संबंधित माहिती जाणूनबुजून न देणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी मानते. स्कॅनरवरचे आकडे मागूनही न देणे यात बसते, असे माझे ठाम मत आहे. गाडीची दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, तीही मालक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात, शोरूम कुठेही असो. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १००० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनांवर दिवस घालवू नयेत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी, क्रमांक जपून ठेवावा. गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर अडचण येऊ शकते, मात्र स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे.

पत्रव्यवहार फक्त डीलरशी करू नये. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ ची गाडी दिली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी असे ठरवले की कंपनीला माहीत होते हे सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा पहिल्या फेरीपासूनच जॉबकार्डाच्या प्रतीसह कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल जायला हवी, म्हणजे ‘आम्हाला कळलेच नाही’ असे म्हणून त्यांना कानावर हात ठेवता येणार नाहीत. आयोगापुढे मूळ उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि अहवाल देणारा तज्ज्ञ पहिल्यांदा मागतो ते जुने आकडेच. संपूर्ण गाडी बदलून मिळणे अवघड असते. पार्टने दुरुस्ती होत असेल तर पार्टच बदलून द्यावा, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घेतली होती. मागणी करतानाच मोफत दुरुस्ती, वाढीव वॉरंटी, गाडी उभी राहिलेल्या दिवसांची भरपाई असे पर्याय लिहावेत.

बाहेरच्या चांगल्या गॅरेजकडून दुसरे मत घेतले म्हणून वॉरंटी जाईल, ही भीतीही घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण आयोगाने त्यात स्पष्ट म्हटले होते की बाहेर काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. नुसता स्कॅनर लावून कोड वाचण्याने तर काहीच बिघडत नाही.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. मात्र त्यासाठी ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी सरकारकडे नोंदलेल्या लागतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हजार जणांनी संताप व्यक्त केला तरी त्या मोजणीत एकही तक्रार धरली जात नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला. तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी तीस दिवस वर्कशॉपमध्येच पडून राहिली, तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, असा सर्वसाधारण आराखडा तिथे आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. तो होईल तेव्हा होईल, पण जॉबकार्डवर सहा आकडे छापायला संसदेची गरज नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आहे. त्याच विभागाने मोटार कंपन्यांना सहा आकड्यांच्या जॉबकार्डचा नमुना ठरवून द्यावा. हे आकडे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर आधीच असतात. ते मालकाच्या कागदावर यावेत, एवढीच मागणी आहे.

तोवर मालकांनी गाडी परत घेताना टेक्निशियनला बोलावून स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढू देण्याची विनंती करावी. ‘पॉलिसीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले तर वाद घालू नये. तेच वाक्य त्यांच्या ई-मेलवरून लिहून मागावे, आणि ते येईपर्यंत ‘काम समाधानकारक’ या चौकटीत सही करू नये.

आपला,
एक मोटार तंत्रज्ञ, पुणे